कुत्र्याच्या शीचं खत: इंदूरच्या अंगणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरामागे दोन निळे ड्रम उभे आहेत. नवे पाहुणे ते पाण्याचे समजून झाकणाला हात घालतात, मी ओरडते, आणि तिथून प्रश्न सुरू होतात. आमचा बंड्या सतरा किलोचा देशी कुत्रा. त्याच्यापायी गेली सहा वर्षं मी हेच प्रश्न ऐकतेय: सकाळी फिरताना, भाजीच्या ठेल्यापाशी, एकदा तर मंगळागौरीच्या हळदीकुंकवात, हातात करंजी असताना. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ‘विष्ठा’ म्हटलं की लॅबचा रिपोर्ट वाचल्यासारखं वाटतं, तेव्हा घरात म्हणतो तोच शब्द वापरते.

कुत्र्याच्या शीचं खत खरंच होतं का?

होतं. २००५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने अलास्कातल्या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांसाठी यावर एक पुस्तिकाच काढली. त्या लोकांकडे वीस-तीस कुत्री असतात, रोज घमेली भरतात. त्यांचं माप सोपं आहे: दोन फावडी शी, एक फावडं लाकडाचा भुसा, लागेल तसं पाणी. आपल्याकडे एकच कुत्रा असतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

शेण चालतं, अंगण सारवायला लागतं, मग कुत्र्याचं काय वाईट?

हा प्रश्न माझ्या सासूबाईंचा. त्यांना तो प्रश्न म्हणून विचारायचा नव्हता, विषय संपवायचा होता. तरी उत्तर द्यावंच लागतं.

गाय गवत-कडबा खाते. तिच्या शेणात तंतू भरपूर, नत्र बेताचं, त्यामुळे ते उकिरड्यात आपसूक कुजतं. कुत्रा मांस, अंडी, पोळी, नाहीतर पाकिटातलं कोरडं खाणं खातो. त्या खाण्यात प्रथिनं जास्त, म्हणून शीत नत्र जास्त. तशीच ढीग करून ठेवली तर कुजण्याऐवजी सडते आणि डोळ्यांत अमोनिया झोंबतो. पण हा झाला वासाचा भाग. खरा फरक जंतांचा. कुत्र्याच्या पोटातले काही जंत माणसालाही त्रास देतात. म्हणून शेण निर्धोक असतं असं मात्र नाही. ताज्या शेणातही माणसाला आजारी पाडणारे जिवाणू असू शकतात. कोथिंबिरीच्या वाफ्यात ओलं शेण कालवणारे लोक मी पाहिलेत, त्यांनाही माझं हेच सांगणं असतं की कुजलेलं वापरा.

भीती नेमकी कशाची?

दोघांची नावं लक्षात ठेवा, गोल जंत आणि अंकुश जंत.

गोल जंताची अंडी ताज्या शीत असतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. मातीत साधारण दोन ते चार आठवडे गेले की ती बाधक होतात आणि मग त्याच मातीत काही वर्षं टिकून राहतात. शी केव्हाच विरघळलेली असते, डोळ्यांना काही दिसत नाही, पण अंडी तिथेच असतात. मातीत खेळणाऱ्या पोराच्या हातातून ती तोंडात जातात. अळ्या शरीरात फिरत डोळ्यापर्यंत पोचल्या तर नजर जाऊ शकते. क्वचित होतं, पण होतं.

अंकुश जंताची चाल वेगळी. उबदार, ओल्या मातीत त्याची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, आठवड्याभरात अळी तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. मग त्वचेवर नागमोडी लाल रेघ उठते, खाज थांबत नाही. आपला जुलै-ऑगस्ट म्हणजे तिला हवी तशी हवा.

या दोघांशिवाय साल्मोनेला, जिआर्डिया वगैरे पोट बिघडवणारी मंडळी आहेतच. या सगळ्यावर पहिला उपाय खताचा नाहीच. शी रोजच्या रोज उचलायची, बस.

शीतून रेबीज होतो का?

नाही. तो लाळेतून, म्हणजे चावण्यातून होतो. लस मात्र चुकवू नका.

ढीग तापतो, मग जंत मरतात ना?

तापला तर मरतात. सांडपाण्याच्या गाळाच्या खतासाठी अमेरिकेत जे नियम आहेत त्यांत बंद टाकीतल्या खताला सलग ३ दिवस ५५ अंश सेल्सियस किंवा जास्त तापमान लागतं. उघड्या लांबट ढिगाला १५ दिवस, आणि तेवढ्यात तो पाच वेळा उलथायचा, कारण मधला भाग भट्टीसारखा तापलेला असला तरी कडा गारच राहतात. आज कडेला असलेलं उद्या मध्ये यायला हवं.

आता हिशेब मांडू. ढीग आतून तापायला तो साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच लागतो, आणि तोही एकदम रचलेला. बंड्या दिवसाला करतो पावशेर-दीड पावशेर. धरा ३०० ग्रॅम. महिन्याचे झाले नऊ किलो, वर्षाचे एकशे दहाच्या आसपास. त्यात भुसा घातला, कुजून बसला, की वर्षभरात जेमतेम एक ड्रम भरतो. रोज मूठभर टाकून ढीग तापत नाही. म्हटलं तर स्वयंपाकासारखंच आहे: रोज चमचाभर पीठ तव्यावर टाकून भाकरी होत नाही.

पहिल्या वर्षी मी लांब दांड्याचा थर्मामीटर आणून खुपसला होता. फेब्रुवारीत ३१ अंश. मे महिन्यात ४४ दिसले तेव्हा मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “बाहेर ४२ आहेत.” उन्हाने ड्रम तापतो, पण ती पत्र्यासारखी वरवरची ऊब. आतला माल त्याने वाळतो आणि कुजणं उलट थांबतं. तेव्हापासून ड्रम सावलीत, पेरूच्या झाडाखाली.

म्हणून एका कुत्र्याच्या घराने तापवण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हे गार खत आहे हे कबूल करायचं, त्याला भरपूर वेळ द्यायचा, आणि त्यात जंताचं अंडं जिवंत आहे असंच धरून ते वापरायचं. पुढची सगळी उत्तरं याच बेताने लिहिली आहेत. कॉलनीत दहा-बारा कुत्री असतील आणि सगळे मिळून एकच मोठा ढीग करणार असतील तर गोष्ट निराळी.

तुम्ही नेमकं काय करता?

दोन ड्रम, शंभर-शंभर लिटरचे, केमिकलवाल्याकडून नव्हे, खाण्याच्या तेलाचे घेतलेले. बाजूंना बोट जाईल एवढी वीसेक भोकं, त्यांवर आतून मच्छरदाणीची जाळी. तळाला चार भोकं. ड्रम चार विटांवर, खाली जुनी परात. तळात वीतभर विटांचे तुकडे आणि वाळका पाला.

सकाळी बंड्याला फिरवून आले की वर्तमानपत्रात गुंडाळलेली शी उलटी करून ड्रममध्ये टाकते, कागद फाडून तोही आत जातो. वर भुसा. माप अलास्कावाल्यांचं, पण मी हात थोडा सैल ठेवते. शी अजिबात दिसता कामा नये. भुशाऐवजी चुरलेला पाला असेल तर तो हलका असतो, म्हणून एकास तीन. झाकण लावून वर वीट. रविवारी जुन्या खुरप्याने वरचा हातभर थर हलवते.

ओल बघायला हातमोजा घातलेल्या मुठीत माल दाबायचा. बोटं ओलसर व्हावीत, धार लागू नये. परातीत काळं पाणी जमतं ते परत ड्रममध्येच. कुंडीत ओतायचं नाही, कितीही ‘लिक्विड खत’ वाटलं तरी.

दसऱ्याला नवा ड्रम सुरू होतो, पुढच्या दसऱ्याला बंद. मग तो आणखी एक वर्ष तसाच उभा. तेवढ्यात दुसरा भरतो. म्हणजे आज टाकलेलं हाती यायला किमान एक वर्ष, सुरुवातीचं असेल तर दोन. फावडं, खुरपं, मोजे या कामाचे वेगळे, त्यांना लाल रंगाचा पट्टा. आमच्या बाईंनी एकदा त्याच खुरप्याने आळूचं आळं केलं होतं, तेव्हापासून पट्टा.

भुसा कुठून आणायचा?

लाकडाच्या पीठ्यावर ‘बुरादा’ म्हणून मागा. इथे भुसा म्हटलं तर गव्हाचा देतात. (तोही चालतो.) प्लायवूड, एमडीएफचा नको, त्यात डिंक असतो. फर्निचरच्या दुकानातला बहुतेक तसलाच निघतो, विचारून घ्या. पाला मात्र फुकट. माघ-फाल्गुनात कडुनिंब-पिंपळ झडतात तेव्हा दहा पोती भरून ठेवली की वर्ष निघतं. लोक तो जाळतात, बघवत नाही.

ड्रमपेक्षा मागे खड्डा केला तर?

केला होता. सुदामा नगरात भाड्याने राहायचो, मागे हातभर अंगण होतं. बाहेरच्या देशांत तळ कापलेली बादली जमिनीत पुरतात, झाकण लावतात, आत पाणी आणि सेप्टिक टाकीची पावडर, माल विरघळून मातीत मुरतो. वाचायला छान. मीही अडीच फूट खणून तळ कापलेलं पिंप पुरलं. मार्च ते जून सगळं व्यवस्थित.

मग पाऊस लागला. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, बोट जाईल एवढ्या फटी पडतात, पण एकदा भिजून फुगली की पाणी खाली जाऊच देत नाही. तिसऱ्या दिवशी पिंपाचं झाकण वर आलं. म्हणजे अक्षरशः तरंगत वर आलं, आणि चार महिन्यांचा ऐवज अंगणभर पसरला. मालकीणबाई गॅलरीत उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, खिडकी लावून घेतली.

मुरमाड जमीन असेल, बोअरिंगपासून लांब असेल, पावसाचं पाणी साचत नसेल तर खड्डा जमतो. काळ्या मातीत नाही.

वास येतो का? अळ्या?

झाकण उघडल्यावर ओल्या पाल्याचा वास यावा. अमोनिया झोंबला तर भुसा कमी पडलाय. कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा कोंडलीय, खालपर्यंत हलवा आणि कोरडा पाला घाला. लाल मुंग्या लागल्या म्हणजे माल सुकलाय, तांब्याभर पाणी. पावसाळ्यात करड्या, चपट्या, जाड अळ्या दिसतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या. दिसायला किळसवाण्या, पण माल झपाट्याने फस्त करतात. मी त्यांना राहू देते. घरमाशीच्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर मात्र भुशाचा दोन बोटं थर द्या.

चुना किंवा राख टाकली तर जंतू मरतील ना?

चिमूटभर चुन्याने जंत मरत नाहीत, आणि भरपूर टाकला तर कुजवणारे जिवाणूच आधी मरतात. वर नत्र अमोनिया होऊन उडून जातं, म्हणजे वासही आणि तोटाही. राखेचं तेच. दोन्ही नकोत.

गांडुळं सोडू का?

गांडुळं शी खातात, पण ताजी नाही. सहा महिने कुजलेल्यात सोडली तर रमतात. जंताचं औषध दिलेल्या दिवसांतला माल आत गेला तर तीच मरतात.

जंताचं औषध दिल्यावर काय करायचं?

मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी औषध देतात, पिल्लांना दर पंधरा दिवसांनी, तुमचे डॉक्टर सांगतील तसं. हेच औषध खताचीही पहिली पायरी आहे, कारण शीत अंडी कमी तर खतात कमी. औषधानंतरचे पंधरा दिवस मी शी ड्रममध्ये टाकत नाही. जुलाब लागले, प्रतिजैविकं चालू असली, पार्वो झाला, तरीही नाही. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि उद्या घरात नवं पिल्लू आलं तर?

‘बायोडिग्रेडेबल’ पिशवीसकट टाकलं तर चालेल?

नाही चालणार. पाकिटावरचा तो शब्द फार मोघम आहे. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे, आणि ते कारखान्यातल्या तापलेल्या खताला लागू पडतं. आपल्या गार ड्रममध्ये तसली पिशवी वर्षाने काढली तर तिच्यावरचं पंजाचं चित्रसुद्धा वाचता येतं. आलेलं आहे. वर्तमानपत्र वापरा.

निगमच्या गाडीत ओल्या कचऱ्यात का नाही देत?

आपल्याकडे गाडीला सहा वेगवेगळे कप्पे आहेत आणि २०१७ ते २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणांत पहिला नंबर त्याच शिस्तीवर टिकला. ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टनांचा बायो-सीएनजीचा प्लांट सुरू झाला. गॅस निघाल्यावर उरलेल्याचं खत होतं आणि ते शेतात जातं. जे मी माझ्या मेथीला घालणार नाही ते दुसऱ्याच्या मेथीला कशाला पाठवू? म्हणून ड्रममध्ये न घालायचे दिवस असतील तेव्हा मी शी घरच्या संडासात टाकते, कागदाशिवाय. आमची लाइन ड्रेनेजला जोडलेली आहे. नाहीतर कागदात घट्ट गुंडाळून डायपर-पॅडच्या कप्प्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून दुसऱ्याच्या कुंपणापलीकडे भिरकावणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

मांजरीचं चालेल का?

मी घेत नाही. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरतो. त्याची बीजं एक ते पाच दिवसांत बाधक होतात आणि ओल्या मातीत वर्षभरही टिकतात. पोटातल्या बाळाला त्यापासून मोठा धोका असतो, म्हणून घरात कुणी गरोदर असेल तर मांजराच्या शीचा ट्रे रोज आणि दुसऱ्या कुणीतरी साफ करायचा. शिवाय ट्रेमधली गोळे होणारी माती बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीची असते. ती कुजतच नाही, ड्रमच्या तळाशी चिखल होऊन बसते. तीही आणि मांजराची शीही संडासात टाकू नका.

ससा, पोपट, कोंबड्या?

सशाच्या लेंड्या म्हणजे सोनं. सरळ कुंडीत घाला. कोंबडीची विष्ठा तीव्र असते, कुजवूनच. पोपटाच्या पिंजऱ्यातली वाळकी घाण झाडताना धूळ नाकात जाऊ देऊ नका, पाणी मारून ओली करा आणि मग उचला.

गल्लीतल्या कुत्र्यांचीही उचलून टाकू का?

उचला जरूर, ड्रममध्ये नको. त्यांना जंताचं औषध कोण देतंय?

तयार खत कसं ओळखायचं?

दोन दसऱ्यांनंतर ड्रम उघडला की माल निम्म्याच्याही खाली बसलेला असतो. रंग कॉफीच्या पुडीसारखा, हातात भुरभुरतो. भुशाचे काही तुकडे तसेच राहतात, त्यांवर बुरशीचे पांढरे धागे असतात, कापूस पिंजल्यासारखे. वास पहिल्या पावसाचा. तरीही मी मेथीचा प्रयोग करते: एका वाटीत हे खत आणि माती अर्धी-अर्धी, दुसरीत नुसती माती, दोन्हींत वीस-वीस दाणे. आठवड्यात दोन्हींकडे सारखे उगवले तर खत पिकलं. खतातले पिवळे पडले तर आणखी तीन महिने. ती मेथी खायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण माझ्या भाच्याने तोंडात टाकायला घेतली होती.

कशाला घालायचं, कशाला नाही?

मोगरा, जास्वंद, बोगनवेल, चाफा, कुंपणाची मेंदी, रस्त्याकडेचा गुलमोहर. मुळाशी दोन इंच माती उकरून खत घालायचं आणि वर परत माती ओढायची. पृष्ठभागावर पसरवून नाही.

खाण्याच्या कशालाही नाही. पालक, मुळा, गाजर तर नाहीच, पण कढीपत्ता, पुदिना, गवती चहाही नाही. ‘पेरू तर उंचावर लागतो’ असं म्हणणारे भेटतात. पिकलेला पेरू खाली पडतो, पोरं उचलून फ्रॉकला पुसून खातात. नको.

आणि तुळशीला अर्थातच नाही. सासूबाईंचा आणि माझा या बाबतीत कधीच वाद नव्हता. कारण वेगवेगळं असलं तरी आमची तुळस एकाच शेणखतावर वाढते. मात्र परवा त्यांनीच मोगऱ्याला कळ्या फार आल्या म्हणून देवासाठी दुरडी भरली. कुठलं खत घातलं होतं हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

लघवीने लॉन जळतं, त्यावर उपाय?

त्या जागी लगेच बादलीभर पाणी. तेवढंच.

आम्ही भाड्याने राहतो. घर बदलताना ड्रमचं काय?

दोन महिने आधी नवीन टाकणं बंद करा, भुसा जास्त घालून माल कोरडा होऊ द्या, झाकण दोरीने बांधा. नवी जागा आधी मिळाली तर अर्ध्याच भरलेल्या ड्रममधला माल पोत्यांत विभागून न्या. आम्ही सुदामा नगरातून इकडे आलो तेव्हा हे काही केलं नव्हतं. ओला, पाऊण भरलेला ड्रम टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवला, आजीच्या पितळी डब्यांशेजारी. महूनाक्याच्या वळणावर तो कलंडला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, मागे येऊन पाहिलं आणि विचारलं, “भाभीजी, इसमें अचार था क्या?” मी हो म्हणाले.